नांगर थांबला, खुरप्याचं काय?

गेल्या काही वर्षांत आपल्या नांदेड-लातूरच्या गावांमध्ये 'शून्य मशागत' हा शब्द चांगलाच रुळला आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी आधी भातासाठी बसवलेली एसआरटी पद्धत आता इकडे कापूस-सोयाबीनच्या वाफ्यांवर आली आहे. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या शेतीशाळांमध्येही तिची चर्चा झाली. पद्धत सांगायला सोपी आहे. एकदाच गादीवाफे करायचे, मग नांगर आणि वखर बंद. पीक जमिनीलगत कापून घ्यायचं, मुळं आत तशीच राहू द्यायची आणि पुढच्या हंगामाचं बी त्याच वाफ्यावर टोकायचं. ट्रॅक्टरचं भाडं वाचतं, माती वाहून जात नाही, गांडुळं परत येतात.

मला ही पद्धत पटते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला नांगराची वकील ठरवेल. आपल्या काळ्या मातीला खोल नांगरटीची तशी फारशी गरजच नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांतून खाली उतरते, आणि पहिल्या पावसाने सगळं फुगून पुन्हा मिटतं. आपली आपण उलथापालथ करून घेणारी ही माती आहे. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की तीच माती चाकाखाली दगडासारखी बसते आणि मग ती फोडायला पुन्हा ट्रॅक्टर लागतो. या फेऱ्यातून बाहेर पडायला हवं, यात वाद नाही.

माझा वाद आहे तो शेतीशाळेत न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाशी. नांगर आणि वखर ही पुरुषाची अवजारं. ती थांबली म्हणजे त्याचं काम वाचलं. टोकण, खुरपण, वेचणी, शेणाच्या पाट्या ही कामं बाईची. ती थांबली का? की वाढली?

हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण कमी खर्चाची शेती या भागात ज्यांनी नेटाने करून दाखवली त्या बायाच आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बायांचे गट उभे राहिले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगाने पुढे दुष्काळाच्या वर्षांत 'एक एकर'चा विचार मांडला. बाईने घरच्यांकडून अर्धा-एक एकर तुकडा मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीन न लावता घरच्या ताटातलं पिकवायचं: ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला, आणि खत-औषध होईल तेवढं घरचंच. लातूरला रेल्वेने मिरजेहून पाणी आणावं लागलं ते २०१६ साल. त्याच वर्षी या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अशा तुकड्यांत नांगर घालायला फारसं कुणी येतच नाही, कारण आधी पुरुषांचं मोठं रान उरकतं. म्हणजे शून्य मशागतीचं प्रशिक्षण नसलं तरी बायांच्या तुकड्यांत कमी मशागत आपोआप होत आली आहे.

मग त्या तुकड्याचा कस टिकतो कसा? माझं म्हणणं असं की नांगर बंद केल्याने तो टिकत नाही. त्या रानातून बाहेर काय जातं आणि परत काय येतं, यावर तो टिकतो. आणि हा हिशेब घरातल्या चुलीपाशी, गोठ्यापाशी आणि सातबाऱ्यापाशी ठरतो.

एक परकं उदाहरण घेऊ. अमेरिकेत हरणांच्या शिकारीचे शौकीन रानाच्या कडेला हरणांसाठी मुद्दाम चाऱ्याचे तुकडे पेरतात. त्यांच्यातले काहीजण नांगर आणि खत दोन्ही न वापरता हे करतात. उन्हाळ्यात कुट्टू, थंडीच्या तोंडावर राय हे गव्हासारखं धान्य आणि बरसीमच्या कुळातलं क्लोव्हर. उभ्या पिकातच पुढचं बी फेकायचं आणि मग उभं पीक लाटण चालवून आडवं पाडायचं. ते मेलेलं पीक आच्छादन होतं आणि खालून नवं उगवतं. वर्षानुवर्षं खताचं पोतं न टाकता त्यांची जमीन सुधारत जाते, असा त्यांचा अनुभव आहे, आणि तो खरा असावा. कारण तिथे हरीण खातं आणि बरंचसं तिथेच किंवा जवळपास टाकून जातं. धान्य बाजारात जात नाही, काडी गोठ्यात जात नाही, धसकट चुलीत जात नाही. बाहेर जवळजवळ काहीच जात नाही.

आपल्या एका एकरातून मात्र सगळंच जातं. कणीस घरात येतं. कडबा जनावराला. तुराट्या आणि पऱ्हाट्या चुलीला. जोंधळा काढल्यावर रानात उरलेली धसकटंसुद्धा आपण आणि आपली लेकरं वेचून आणत आलो आहोत, एकतर रान साफ होतं म्हणून आणि दुसरं म्हणजे पाणी तापतं म्हणून. कडबा खाऊन जनावराने दिलेलं शेण रानात परत जाईल म्हणावं, तर त्याच्या गोवऱ्या होतात. मग नुसता नांगर थांबवून मातीला काय मिळणार?

सोयाबीनचंच बघा. एकरी आठ क्विंटल निघालं आणि विकलं, तर त्या दाण्याबरोबर सुमारे ५० किलो नत्र आणि दहाएक किलो स्फुरद रानातून गेलं. नत्राचं एकवेळ चालतं. सोयाबीन, तूर, मूग ही पिकं मुळांवरच्या गाठींतून बराचसा नत्र हवेतून घेतात. तूर तर पानगळीने जमिनीला आणखी देते. पण स्फुरद हवेत नसतो. तो मातीत आहे तेवढाच, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तो असूनही पिकाच्या हाती सहज लागत नाही. म्हणून तो परत द्यावाच लागतो. शेणखतातून द्यायचा म्हटलं तर एका टनात दोन-अडीच किलो, म्हणजे एकरी चार-पाच टन खत हवं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या एका पोत्यात ८ किलो असतो. एक जनावर दिवसाला आठ-दहा किलो शेण देतं, वर्षाला तीनेक टन ओलं. कुजून-वाळून त्याचं निम्म्याहून कमी खत होतं. म्हणजे एका एकरासाठी तीन-चार जनावरांचं सगळं शेण, एकही गोवरी न थापता.

कुणाच्या दारात आज तीन-चार जनावरं आहेत? देवणी आणि लाल कंधारी या आपल्याच दोन जिल्ह्यांच्या नावाजलेल्या जाती. ट्रॅक्टर आला तसे बैल गेले, आणि बैलाबरोबर शेणही गेलं. 'एक गाय ठेवा आणि शेती करा' असं व्यासपीठावरून सांगणं फार सोपं असतं. त्या गायीचा चारा-पाणी आणि शेण-झाडलोट कोण करणार, हे त्या भाषणात कधी येत नाही. मी अशी बरीच भाषणं ऐकली आहेत, बहुतेक वेळा मागच्या रांगेत बसून, कारण पुढच्या खुर्च्या गावातल्या कर्त्या माणसांसाठी असतात.

तरी या हिशेबात बायांच्या हातात असलेल्या काही गोष्टी आहेत, त्या सांगायला हव्यात. पहिली राखेची. गोवरी किंवा तुराटी जाळली की तिच्यातलं नत्र धुरात जातं, पण स्फुरद आणि पालाश राखेत राहतात. ती राख आपण भांडी घासून मोरीत सोडतो किंवा उकिरड्याच्या कडेला फेकतो. ती खताच्या खड्ड्यात थोडी थोडी पसरली तर निम्मं काम झालं. थेट रानात ढीग नको, आपली माती आधीच खारवटीकडे झुकलेली आहे. दुसरी गोष्ट खड्ड्याची. शेजारच्या पुसदच्या पांढरीपांडे यांनी बसवलेली नॅडेपची टाकी थोडं शेण, बराच पालापाचोळा आणि माती यांवर चालते. शेण कमी आणि काडीकचरा जास्त असलेल्या घरासाठीच ती आहे. तिसरी गोष्ट तागाची. पावसाळ्याच्या सुरुवातीला तुकड्याच्या एका भागात ताग टाकायचा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फुलावर येताना कापून तिथेच आडवा पाडायचा. अमेरिकेतला माणूस लाटणाने करतो ते आपण विळ्याने करतो. पण नुसती ज्वारीची कडक काडी रानात पसरून थांबू नका. ती कुजताना मातीतलं नत्र काही दिवस स्वतःकडेच ओढून घेते आणि वरचं पीक पिवळं पडतं. तिच्याबरोबर तागासारखं, चवळीसारखं हिरवं काहीतरी हवंच.

आणि एवढं करूनही दोन-तीन वर्षांनी एखादं स्फुरदाचं पोतं टाकावं लागलं तर त्यात पाप नाही. 'एक दाणाही खत नको' हा हट्ट धरणाऱ्यांशी माझं जमत नाही. कमी खर्च म्हणजे शून्य खर्च नव्हे. बहुतेक वेळा शून्य खर्चाच्या हिशेबात बाईची मजुरी धरलेली नसते, म्हणून तो शून्य दिसतो.

आता खुरप्याकडे येते. नांगरट आणि वखराच्या पाळ्या बंद केल्या की पहिली दोन-तीन वर्षं तण जोरात येतं. हे सगळीकडे होतं, आपल्याकडेही होतं. हराळी, लव्हाळा आणि कुंदा ज्या रानात मुरलेले आहेत तिथे तर बिननांगरणीचा घाट आधी ते काढल्याशिवाय घालूच नये. मुळ्यांनी पसरणारी ही तणं, वरून कापून हटत नाहीत. मग त्या तणाचं करायचं काय? याची दोन उत्तरं आज दिली जातात, आणि दोन्हींची किंमत बाई चुकवते.

एक उत्तर तणनाशकाचं. शून्य मशागतीच्या शिफारशींमध्ये ते सर्रास असतं. मुळं कुजवायची तर वरचा खुंट मारायला हवा, आणि मारायचा तर ग्लायफोसेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेटला 'माणसात बहुधा कर्करोग घडवणारं' या गटात टाकलं. २०२२ साली केंद्र सरकारने ते फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच वापरावं अशी अधिसूचना काढली. गावात फवारणारा मात्र पाठीवर पंप घेतलेला कुणीही असतो, आणि पंपात पाणी ओतून देणारी, रिकामा डबा धुऊन घरी वापरायला आणणारी घरातली बाई असते. हे झालं आरोग्याचं. मजुरीचं काय? भूमिहीन बायांना खरिपात हमखास मिळणारं काम म्हणजे खुरपण, हंगामात दोन-तीन वेळा. एका फवारणीने ते काम गेलं. 'मजूर मिळत नाहीत म्हणून फवारतो' असं शेतकरी म्हणतो. 'काम मिळत नाही म्हणून ऊसतोडीला जातो' असं त्याच गावातल्या वस्तीवरच्या बाया म्हणतात. दोघांना एकाच चावडीवर समोरासमोर बसवून हे कुणी विचारत नाही. आणि तण म्हणून जे जळतं त्यात तांदुळजा, घोळ, पाथरी या भाज्याही जातात. पावसाळ्यात फुकट मिळणारी भाजी ही काही किरकोळ गोष्ट नाही, विशेषतः जिच्याकडे स्वतःचं वावर नाही तिच्यासाठी.

दुसरं उत्तर सेंद्रिय मंडळींचं: तणनाशक नको, हाताने काढा, कापून तिथेच पसरा. मातीच्या दृष्टीने हे उत्तम. पण हा हात कुणाचा? घरच्याच बाईचा असेल तर तिच्या कंबरेचा आणि तिच्या दिवसाचा हिशेब कुठल्या वहीत लिहिला? माझं मत असं की खुरपण हे खत आहे असं धरून त्याची मजुरी खर्चात लिहिली पाहिजे, घरच्या बाईचीसुद्धा. ती लिहिली म्हणजे पुरुषालाही खुरपं धरायला सांगता येईल. खुरप्याला काही बाईचा हात ओळखू येत नाही. गटाने एकमेकींच्या तुकड्यात पाळीपाळीने खुरपायला जाणं, ज्याला आपण सावड म्हणतो, हा तिसरा मार्ग. मला तो सगळ्यांत बरा वाटतो. पण सावड बरोबरीच्या बायांत चालते. भूमिहीन मैत्रिणीला सावडीला बोलवायचं तर तिला परतफेड म्हणून काय देणार, हे आधी ठरवायला हवं. तुकड्यातला वाटा, गवत किंवा रोख मजुरी.

यापुढचा मुद्दा सातबाऱ्याचा आहे आणि माझ्या लेखी तोच मुख्य. मातीचा कस एका हंगामात येत नाही. ताग पाडून, राख-खत टाकून, तणाशी झुंजून रान मऊ व्हायला निदान तीन वर्षं लागतात. तेवढी वर्षं तो तुकडा तिच्याकडे राहील याची हमी कुणाची? बटईचा करार पाडव्याला होतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. घरातला तुकडा तर करारावरही नसतो, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या शब्दावर असतो. आमच्या गटातल्या एका बाईने माळाकडचा उतरणीचा अर्धा एकर चार वर्षं राबून पिकता केला. पाचव्या वर्षी दिराने त्यात सोयाबीन घातलं, 'आता रान चांगलं झालंय' म्हणून. तिला पुन्हा दुसऱ्या टोकाचा मुरमाड तुकडा दाखवला. घरात भांडण झालं नाही. तिला भांडायला आधार म्हणून दाखवायला कागदच नव्हता.

२०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशातल्या शंभर वहितीदारांत बाया चौदाच्या आसपास होत्या. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या, नवऱ्याने आत्महत्या केलेल्या ५०५ बायांशी बोलून केलेल्या पाहणीत चाळीस टक्के बायांना शेतीवर हक्क मिळालेला नव्हता. कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा १९९४ साली दिला, देशाच्या कायद्यात तो २००५ साली आला. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली, आणि सरकारनेही १९९२ मध्ये त्या नावाने योजना काढली. तरीही तलाठ्याकडे अर्ज घेऊन गेलेल्या किती जणींना 'घरात काही वाद आहे का?' हाच पहिला प्रश्न ऐकावा लागतो, हे आपल्याला माहीत आहे.

आता पुन्हा हरणांकडे, कारण ती आपल्याकडेही आहेत. मुखेड-कंधारपासून औसा-निलंग्यापर्यंत माळरानांवर त्यांचे कळप असतात, सोबत रानडुकरं आणि किनवट-माहूरकडे रोही. आजूबाजूचं सोयाबीन निघून रान उघडं पडलं की हिरवं उरतं ते बाईच्या तुकड्यातलं: हरभरा, चवळी, आच्छादनाखालून उगवलेलं काहीबाही. जमीन सतत झाकलेली ठेवा, हा बिननांगरणीचा पहिला नियम. तो पाळला की त्या पंचक्रोशीत हरणांसाठी पेरलेलं कुरण जणू आपलंच. अमेरिकेतला शौकीन ज्यासाठी पैसे मोजतो ते आपण न मागता देतो. मी हरणांच्या विरोधात नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे ते योग्यच आहे. पण हे कुरण पोसण्याचा खर्च एकट्या बाईवर का? वनखात्याकडे पीकनुकसानीची भरपाई मागायची तर सातबारा लागतो, आणि तो दुसऱ्याच्या नावावर असेल तर पैसे त्याच्या खात्यात जातात. रात्रीच्या राखणीला ती एकटी जाऊ शकत नाही. गेली तर गावात चार जिभा चालतात. मग एकतर ती हिरवं लावणं सोडते, म्हणजे माती उघडी, किंवा अर्धं खाऊ घालून उरलेल्यावर भागवते.

म्हणून कृषी खात्याकडे आणि शेतीशाळा घेणाऱ्यांकडे आपण काय मागायचं ते ठरवू या. शून्य मशागतीचं अनुदान, बी, आच्छादन, जे काही द्यायचं ते पुरुष खातेदाराला देताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची अट घाला. बटईने करणाऱ्या बायांना आणि बचतगटांना निदान पाच वर्षांचा लेखी करार मिळवून द्या, मालकाच्या हक्काला धक्का न लावता. वाफ्यावर वापरायचं चाकाचं कोळपं, टोकायचं यंत्र ही अवजारं आधी बायांच्या गटाला द्या, ट्रॅक्टरच्या अनुदानाची रांग नंतर. २०१६ पासून उज्ज्वलेचं सिलिंडर घरात आलं, पण ते पुन्हा भरायला परवडत नाही तोवर तुराट्या आणि गोवऱ्या चुलीतच जाणार. म्हणून सिलिंडरची किंमत हा मातीचाही प्रश्न आहे, हे कृषी अधिकाऱ्याच्या कानावर घाला. आणि नुकसानीचा पंचनामा ज्या बाईने पीक लावलं तिच्या नावे करा, तिचं नाव सातबाऱ्यावर असो वा नसो.

१ मेच्या ग्रामसभेत यातले निदान दोन ठराव मांडता येतील: गायरानाच्या कडेची पडीक जमीन पाच वर्षांसाठी बायांच्या गटाला, आणि पंचनाम्याचा. ठरावाचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. ज्या गटांना हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कार्ड टाकावं. आणि कार्डावर एवढं जरूर लिहावं की तुमच्या गावात तण कोण काढतं, किती दिवस आणि किती मजुरीवर.